पुन्हा अपूर्णांकांपासून

पदवी हाती येऊन सहा-सात वर्षे लोटलेली असतात. नोकरीत बस्तान बसलेले असते, वेतन दरमहा खात्यात जमा होत असते, आणि अशा स्थिरस्थावर दिवसांतच केव्हातरी पुढील शिक्षणाचा विचार मनात मूळ धरतो. व्यवस्थापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यावी, अथवा परदेशातील एखाद्या विद्यापीठात आपल्या विषयाचा अधिक सखोल अभ्यास करावा, असे वाटू लागते. चौकशी करता कळते की त्या वाटेवर एक प्रवेशपरीक्षा उभी आहे आणि तिच्यात गणिताचा एक स्वतंत्र विभाग आहे. इतिहास, साहित्य, कायदा वा प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या उमेदवाराने दहावीनंतर गणिताचे पुस्तक बहुधा उघडलेले नसते. सरावाची प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच त्याचा निर्णय होऊन जातो: गणित हा आपला प्रांत नव्हे.

हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्याची किंमत मात्र मोठी असते. ‘कॅट’च्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या आयआयएम संस्थांपैकी अनेक संस्था एकूण पर्सेंटाइलखेरीज प्रत्येक विभागातील किमान पर्सेंटाइलचीही अट घालतात. भाषेच्या विभागात अव्वल ठरलेला उमेदवार गणितात त्या रेषेखाली राहिला, तर त्याचा अर्ज तेथेच थांबतो. गंमत अशी की यांतील काही संस्था अभियांत्रिकीव्यतिरिक्त अन्य शाखांतून आलेल्यांना शैक्षणिक वैविध्यासाठी थोडे अधिक गुणही देतात. म्हणजे कला शाखेच्या पदवीधरासाठी दार मुद्दाम उघडे ठेवलेले असते. उंबरठा ओलांडण्यापुरते गणित मात्र त्याचे त्यालाच आणावे लागते.

परीक्षेला हवे तरी काय?

प्रथम परीक्षेचे खरे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे, कारण भीतीचा बराचसा भाग अज्ञानातून आलेला असतो. परदेशी विद्यापीठांतील प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘जीआरई’ ही परीक्षा ‘ईटीएस’ ही संस्था घेते. तिच्या गणित विभागात अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचे विश्लेषण एवढेच विषय असतात. त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र यांना तेथे स्थान नाही. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आटोपशीर करण्यात आली असून गणिताचे २७ प्रश्न ४७ मिनिटांत सोडवायचे असतात. व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या ‘जीमॅट’चे नवे रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आले. त्याच्या गणित विभागातून भूमितीही वगळण्यात आली आहे. उरले ते अंकगणित व बीजगणित, २१ प्रश्न आणि ४५ मिनिटे. आपल्याकडील ‘कॅट’चे गणित या दोहोंपेक्षा अवघड मानले जाते आणि ते योग्यच आहे. तेथे बीजगणित अधिक खोलात जाते, लॉगॅरिदमही भेटतो. परंतु २०२१ पासून ४० मिनिटांत जे २२ प्रश्न विचारले जात आहेत, त्यांतही शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग या जुन्या मंडळींचाच मोठा राबता असतो.

थोडक्यात, विषय शाळेतले आहेत. मग प्रश्न अवघड का वाटतात? ‘जीआरई’त दोन राशींची तुलना करावयास सांगणारा एक प्रकार असतो. समजा, क्ष ही धन संख्या आहे एवढेच दिले आहे. एका बाजूस क्ष आणि दुसऱ्या बाजूस क्षचा वर्ग ठेवून मोठी राशी कोणती असे विचारले आहे. घाईत असलेला उमेदवार ‘वर्ग मोठा’ असे उत्तर देऊन पुढे जातो. क्ष जर ३ असेल तर ते खरेच आहे. पण क्ष १ असेल तर दोन्ही राशी समान होतात, आणि क्ष अर्धा असेल तर त्याचा वर्ग पाव, म्हणजे क्षहून लहान. म्हणून योग्य उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ हे आहे. वर्ग कसा करावा हे कोणासही ठाऊक असते. एकाहून लहान अपूर्णांकाचा वर्ग आणखी लहान होतो, ही जाण मात्र मधल्या वर्षांत झिजून गेलेली असते. परीक्षा याच जाणिवेची असते, सूत्रांची नव्हे.

उणीव समजुतीपेक्षा खालच्या पायरीवर

आपल्याला काय येत नाही, असे विचारल्यास बहुतेक उमेदवार परम्युटेशन-कॉम्बिनेशन किंवा संभाव्यता यांची नावे घेतात. प्रत्यक्ष वही तपासली तर चित्र निराळे दिसते. पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत. एकामागून एक दोन चेंडू काढले तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती, असा प्रश्न घ्या. पाच-अष्टमांशाला चार-सप्तमांशाने गुणायचे आहे, इथपर्यंत अनेकजण विचार करून पोहोचतात. अडतात ते पुढे, वीस-छप्पन्नांश या उत्तराला पाच-चतुर्दशांश असे संक्षिप्त रूप देताना, किंवा गुणायचे की मिळवायचे या संभ्रमात. म्हणजे दुखणे संभाव्यतेचे नसते, सहावीतल्या अपूर्णांकांचे असते.

आणखी एक ओळखीची चूक. अर्धा आणि एक-तृतीयांश यांची बेरीज करताना वरच्या अंकात वरचा आणि खालच्या अंकात खालचा अंक मिळवून दोन-पंचमांश असे उत्तर दिले जाते. नियम विसरणे समजण्याजोगे आहे. पण अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातल्यावर अर्ध्याहूनही कमी भाकरी कशी होईल, हा प्रश्न मनात उठत नाही, ही खरी अडचण. खरे उत्तर पाच-षष्ठांश, म्हणजे पूर्ण भाकरीला थोडीशी कमी. अंक आणि अर्थ यांची फारकत झाली की पुढचे सारे गणित मंत्रासारखे पाठ करावे लागते आणि तणावाच्या क्षणी मंत्र आठवत नाही.

यास्तव तयारीची सुरुवात प्रवेशपरीक्षेच्या जाडजूड मार्गदर्शकापासून न करता पाचवी ते आठवीच्या क्रमिक पुस्तकांपासून करणे हितकारक ठरते. सुशिक्षित, मिळवत्या माणसाला सहावीचे पुस्तक घेऊन बसणे कमीपणाचे वाटते. घरातील मुलांसमोर तर विशेषच. पण त्या पुस्तकांतील उदाहरणसंग्रह अनुभवी शिक्षकांनी चढत्या क्रमाने रचलेले असतात आणि हा क्रम बाजारातील ‘झटपट’ पुस्तकांत सापडत नाही. ज्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या दहावीला काही वर्षे उपलब्ध असलेला ‘सामान्य गणिता’चा पर्याय घेतला होता, किंवा सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून सुरू केलेल्या दोन स्तरांपैकी ‘बेसिक’ गणित निवडले होते, त्यांना नववी-दहावीच्या बीजगणिताचीही काही प्रकरणे प्रथमच वाचल्यासारखी वाचावी लागतील. त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

या उजळणीला वाटते तितका काळही लागत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्मृतीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माणूस किती झपाट्याने विसरतो हा त्यांचा निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो. त्याच प्रयोगांतील दुसरी बाब तितकीशी सांगितली जात नाही. एकदा शिकून विसरलेली गोष्ट पुन्हा शिकावयास पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असे त्यांना आढळले. विस्मरण झाले तरी शिकण्याची काही बचत मागे शिल्लक राहते. बँकेच्या ग्राहकांना ही कल्पना वेगळी समजावून सांगावयास नको!

पाव, पाऊण आणि टक्का

या बचतीचा एक हिस्सा तर आजी-आजोबांच्या पिढीकडून आलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान पद्धतीची नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. चार आणे म्हणजे पाव, आठ आणे म्हणजे अर्धा, बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. बाजारहाट करावयाचा तर अपूर्णांकांवाचून गत्यंतर नव्हते. म्हणून मराठी शाळांतून पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेतली जाई. सोळाची पाऊणपट बारा, बाराची दीडपट अठरा, ही उत्तरे त्या पिढीच्या ओठांवर असत. त्या पाठांतराची टिंगल करण्याची पुढे प्रथाच पडली. वस्तुतः आजच्या प्रवेशपरीक्षेत जलद आकडेमोडीसाठी जे लागते ते हेच आहे, केवळ त्याचा पेहराव शेकडेवारीचा आहे. पाव म्हणजे २५ टक्के, पाऊण म्हणजे ७५, एक-अष्टमांश म्हणजे साडेबारा, तीन-अष्टमांश म्हणजे साडेसदतीस, एक-षष्ठांश म्हणजे सुमारे १६.६७ टक्के. एवढ्या पंधरा-वीस जोड्या मुखोद्गत असल्या की ६४० रुपयांच्या वस्तूवर साडेसदतीस टक्के सूट म्हणजे किती, यासाठी कागद लागत नाही. ६४० चा आठवा हिस्सा ८०, तीन हिस्से २४०. वस्तू ४०० रुपयांस पडली.

शेकडेवारीचा खरा घोळ निराळाच आहे, आणि तो बँकिंगच्या परिभाषेत फार चांगला समजतो. कर्जाचा व्याजदर ८ टक्क्यांवरून १० टक्के झाला. वाढ किती? ‘दोन टक्के’ असे सर्रास म्हटले जाते. पण ही वाढ दोन टक्केबिंदूंची, अर्थात २०० आधारबिंदूंची आहे. व्याजाचा बोजा मात्र ८ वर २ ने, म्हणजे तब्बल २५ टक्क्यांनी वाढला. उलट दर १० वरून ८ वर आला तर बोजा २५ नव्हे, २० टक्क्यांनी उतरतो, कारण आता पाया १० चा आहे. वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवून मग २० टक्के सूट देणारा दुकानदारही याच तत्त्वावर चालतो: १०० चे १२० होतात आणि १२० चे ९६. ‘कशाचे टक्के?’ हा एकच प्रश्न प्रत्येक ओळीपाशी थांबून स्वतःला विचारण्याची सवय लागली, तर नफा-तोटा, सूट, चक्रवाढ व्याज आणि आकडेवारीच्या तक्त्यांवरील कितीतरी प्रश्न आपोआप सरळ होतात.

व्याज आणि अंकगणित यांचे नाते आपल्या परंपरेत फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात, त्रैराशिकापुढे पंचराशिक येते आणि तेथे व्याजाचेच उदाहरण आहे: शंभरास महिना पाच या दराने सोळाचे वर्षाचे व्याज काढावयाचे. साडेनऊहून किंचित अधिक, नेमके सांगायचे तर ९.६, हे त्याचे उत्तर आजही त्रैराशिकाच्या दोन पायऱ्यांत मिळते. (मासिक पाच टक्के हा दर मात्र आजच्या कर्जदाराला कापरे भरवील.)

आकडेमोडीचे कौशल्य वापराअभावी कसे ओसरते, हे बँकांतील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. संगणकीकरणापूर्वी बचत खात्यांवरील सहामाही व्याज लेजर उघडून हाताने काढले जाई. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक शोधायची, तिच्यावर व्याज लावायचे आणि हे प्रत्येक खात्यासाठी करायचे. १ एप्रिल २०१० पासून व्याज दैनंदिन शिलकीवर मोजले जाऊ लागले. तोवर हे काम यंत्राच्या स्वाधीन झालेले होते आणि ते त्यानेच करावे हे उचित. परंतु लांबलचक रकान्याची बेरीज नजरेने करणारी पिढी आणि मोबाईलवर १८ टक्के काढणारी पिढी यांत बुद्धीचा फरक नाही, केवळ रियाजाचा आहे.

कॅल्क्युलेटर आहे ना, असा आक्षेप येथे येईल. ‘जीआरई’त ऑगस्ट २०११ पासून पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, ‘कॅट’मध्येही साधा कॅल्क्युलेटर असतो, ‘जीमॅट’च्या गणित विभागात मात्र तो वापरता येत नाही. पण ‘जीआरई’त एका प्रश्नास सरासरी पावणेदोन मिनिटांहूनही किंचित कमी वेळ मिळतो. त्यात ५० चे १८ टक्के काढण्यासाठी माऊसने एकेक आकडा टिपत बसणे परवडत नाही. ५० चे १८ टक्के म्हणजेच १८ चे ५० टक्के, म्हणजे ९, हे दिसावे लागते.

प्रश्न कोणत्या भाषेत कळतो?

महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी मूळ संख्या, पूर्णांक, लसावि, मसावि, बाकी हे शब्द जाणतो. परीक्षेत प्राइम नंबर, इंटीजर, एलसीएम, एचसीएफ, रिमेंडर येतात. इंदूर वा भोपाळ येथील मराठी कुटुंबातल्या, हिंदी माध्यमातून शिकलेल्या मुलाला मूळ संख्या ही ‘अभाज्य संख्या’ म्हणून परिचित असते. सव्वाशे-दीडशे शब्दांचा हा अडसर आहे. एका वहीत दोन रकाने करून हे शब्द लिहून काढल्यास काही आठवड्यांत तो दूर होतो. त्याच वहीत प्रत्येक शब्दाच्या कडेकपारीही नोंदवाव्यात: १ ही मूळ संख्या नाही, २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे, शून्य सम आहे, पण ते धनही नाही आणि ऋणही नाही. प्रश्नकर्ते आपले सापळे नेमके येथेच लावतात.

वाक्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे मराठी माणूस तोट्यात असतो, असे समजण्याचे कारण नाही. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर’ या इंग्रजी शब्दसमूहात पाच आधी येतात. त्या ओघात कित्येकजण पाच वजा दोन क्ष असे लिहून मोकळे होतात. मराठीत तेच ‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा पाचने कमी’ असे होते. येथे शब्दांचा क्रम आणि समीकरणाचा क्रम एकच आहे: दोन क्ष वजा पाच. म्हणून शाब्दिक उदाहरण वाचल्यावर ते क्षणभर मनातल्या मनात मातृभाषेत सांगून पाहणे आणि मगच समीकरण मांडणे, ही सवय इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनीही लावून घेण्याजोगी आहे.

क्लृप्ती आणि कारण

बाजारात झटपट क्लृप्त्यांचा सुळसुळाट आहे. काळ-कामाच्या उदाहरणांसाठी दोघांच्या दिवसांचा गुणाकार भागिले बेरीज, असे एक सूत्र सर्वतोमुखी झालेले आहे. एक गवंडी भिंत १२ दिवसांत बांधतो, दुसरा ६ दिवसांत. १२ गुणिले ६ म्हणजे ७२, भागिले १८, उत्तर ४ दिवस. उत्तर बरोबर आहे. परंतु दोघांनी दोन दिवस काम केल्यावर दुसरा गवंडी निघून गेला, तर उरलेली भिंत पहिला किती दिवसांत बांधील, असे विचारताच सूत्र मुके होते. दिवसाला एकाची बारावा हिस्सा भिंत, दुसऱ्याची सहावा हिस्सा, दोघांची मिळून पाव भिंत, हे ज्याने समजून घेतले आहे त्याला अडचण नाही. दोन दिवसांत अर्धी झाली, उरलेल्या अर्धीला एकट्या पहिल्यास सहा दिवस लागतील. क्लृप्ती वेळ वाचवते हे खरे, पण ती कारण समजल्यानंतर घ्यावयाची असते. आधी क्लृप्ती आणि मग कारण, असा क्रम लावणाऱ्यांची सराव परीक्षेतील प्रगती एका टप्प्याला येऊन खुंटते, हे या क्षेत्रात शिकवणारे शिक्षक वारंवार सांगत असतात.

सरावाच्या पद्धतीविषयीही एक गैरसमज आहे. सोडवलेली उदाहरणे वाचत गेल्यास सारे काही समजल्यासारखे वाटते आणि ते वाटणेच फसवे असते. २००६ मध्ये हेन्री रोएडिगर व जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास देऊन एक प्रयोग केला. ज्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला त्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतली होती ते पुढे गेले. गणितालाही हे लागू करता येते. उत्तर झाकून, कोरा कागद घेऊन, अडखळत का होईना, पण स्वतः सोडवलेली पाच उदाहरणे वाचलेल्या पंचवीसांपेक्षा अधिक मोलाची ठरतात.

मग येते ती चुकांची वही. हिशेबात जे स्थान ताळमेळाला आहे, तेच तयारीत या वहीला आहे. चुकलेले प्रत्येक उदाहरण तीत उतरवून पुढे कारण लिहायचे: संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की घाई झाली. महिनाभरानंतर ही वही चाळली असता आश्चर्य वाटते. आपण अमुक प्रकरणात कच्चे आहोत अशी ज्याची पक्की समजूत, त्याच्या निम्म्या चुका प्रश्न अर्धवट वाचल्याच्या निघू शकतात. एखादे उदाहरण पुनःपुन्हा चुकते तेव्हा तर ते सोन्याचे असते. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर वेगाने प्रवास केला तर सरासरी वेग ५० असेच मन सांगते. अंतर १२० किलोमीटर धरून पाहावे: जाण्यास २ तास, येण्यास ३ तास, ५ तासांत २४० किलोमीटर, सरासरी वेग ४८. मंद वेगाने अधिक वेळ गेला म्हणून सरासरी त्या बाजूस झुकली. ज्याला हे एकदा उमगले, त्याला वेगवेगळ्या दरांच्या ठेवींचा सरासरी परतावा कसा काढावा हेही उमगते.

भीती आणि पेपर

गणिताच्या भीतीला मनाचा दुबळेपणा समजण्याची आपल्याकडे रीत आहे. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मात्र निराळी बाजू समोर आली. आकडेमोड करताना मधले आकडे मनात धरून ठेवावे लागतात. भीती नेमकी हीच जागा व्यापून बसते. हातचा एक विसरतो तो त्यामुळे. यावर उपाय म्हणजे मनातला भार कमी करणे. पाढे, पंचवीसपर्यंतचे वर्ग, अपूर्णांक आणि टक्क्यांच्या जोड्या विनासायास आठवू लागल्या की तेवढी जागा मोकळी होते. कागदावर पायऱ्या स्वच्छ मांडण्यानेही तेच साधते. ‘सगळे तोंडी’ करण्याचा अट्टहास भित्र्या उमेदवाराने तरी धरू नये.

पेपरात काय सोडावे हेही गणितच आहे. ‘कॅट’मध्ये बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर चारांतून एकदा ३ गुण येणार आणि तीनदा १ गुण जाणार; हिशेब शून्यावर सुटतो. पण एक पर्याय निश्चितपणे चुकीचा आहे हे ओळखता आले, तर तिघांतून एकदा ३ गुण येतात आणि दोनदा १ गुण जातो. प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी एक-तृतीयांश गुणाचा लाभ होतो. उत्तर ढोबळमानाने किती असावे याचा अंदाज बांधता येणाऱ्याला हा लाभ वरचेवर मिळतो. ज्या प्रश्नांना पर्याय दिलेले नसतात, तेथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ‘जीआरई’त तर कोठेच वजाबाकी नाही, त्यामुळे तेथे एकही जागा रिकामी सोडण्याचे कारण नाही.

साधनांची वाण नाही आणि त्यांवर फारसा खर्चही नाही. एनसीईआरटीची आणि पुण्याच्या ‘बालभारती’ची क्रमिक पुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘ईटीएस’ने ‘जीआरई’साठी लागणाऱ्या साऱ्या गणिताची उजळणी-पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे आणि सरावाच्या परीक्षाही दिल्या आहेत, ‘जीमॅट’च्या आयोजकांकडूनही दोन सराव परीक्षा विनाशुल्क मिळतात. शिकवणी वर्गाचे शुल्क भरावे की नाही, हे पहिली आठ-दहा आठवड्यांची उजळणी स्वतः केल्यावर ठरवणे शहाणपणाचे. तोवर आपल्याला नेमके काय विकत घ्यावयाचे आहे, ते कळलेले असते.

वेळापत्रक आखताना परीक्षांमधील एक फरक ध्यानी ठेवावा. ‘जीआरई’ आणि ‘जीमॅट’ यांचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, आणि पहिला प्रयत्न मनाजोगा झाला नाही तर काही आठवड्यांच्या अंतराने त्या पुन्हा देता येतात. ‘कॅट’ वर्षातून एकदाच होते. अलीकडील वर्षांत ती नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी घेतली गेली आहे. नोकरी सांभाळून सकाळी एक तास आणि रविवारी तीन तास देऊ शकणाऱ्याला मे महिन्यात आरंभ केल्यास अपूर्णांक ते गुणोत्तर-प्रमाण हा पल्ला जूनअखेर, बीजगणित व भूमिती ऑगस्टअखेर गाठता येते आणि सप्टेंबरपासून घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्यास तीन महिने उरतात.